पाटी नसलेली नर्सरी, ५ पैकी ४ स्टार

रिव्ह्यू लांबलाय, आधीच सांगते. ज्यांना फक्त भाव आणि वेळ पाहिजे त्यांनी डायरेक्ट खाली जा.

अमळनेरहून चोपड्याचा रस्ता धरला की गाव मागं पडल्यावर थोडं पुढं डाव्या हाताला एक नर्सरी लागते. तिला पाटी नाही. एका बाभळीला पत्र्याचा तुकडा सुतळीनं बांधलाय आणि त्यावर पांढऱ्या रंगात 'रोपे मिळतील' एवढंच. खिळा ठोकलेला नाहीये, सुतळीच आहे, आणि ती पण दरवर्षी सोडून परत सैल बांधतात कारण झाडाची कंबर वाढते म्हणे. मॅपवर टाकायला गेले तर नाव काय टाकू तेच कळेना, मालकांना विचारलं तर म्हणे नाव कशाला, येणारे येतातच. सगळे त्यांना आप्पा म्हणतात म्हणून मी पण आप्पाच लिहिते.

आम्हाला नर्सरीचं काम का पडलं ते सांगते. माझं माहेर अमळनेर तालुक्यात, सासर धुळं. माहेरच्या अंगणात एक जुना निंब होता, आजोबांच्याही आधीचा. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला त्याच्या एकाच आडव्या फांदीला झोका बांधायचा, दुसरीला नाही, आणि वर्षानुवर्षं दोर घासून त्या फांदीवर दोन जागी साल गुळगुळीत झाली होती, हात फिरवला तर पाटा-वरवंट्यासारखी लागायची. गल्लीतल्या सासुरवाशिणी माहेरी आल्या की पहिल्या आमच्याकडे, मग घरी. आई गेली २०२१ ला, आणि २०२२ च्या जूनमधे पावसाआधीचं जे वादळ येतं ना त्यात निंब मुळासकट आडवा झाला. आतून पोकळ होता, बाहेरून कळलंच नाही कुणाला. लाकूडवाला ट्रॅक्टर घेऊन आला, दोन दिवस करवत चालली, आणि मग अंगण असं काही उघडं पडलं की घरात शिरल्यावर डोळे दिपायचे. आबा (माझे वडील, वय ७८) खुर्ची घेऊन भिंतीच्या सावलीमागं सरकत बसायचे, सकाळी या भिंतीला आणि दुपारनंतर त्या.

त्याच वर्षी घाई केली आम्ही. एका मोठ्या नर्सरीतून, नाव लिहीत नाही भांडण नको, सात फुटी निंब आणला ३५० रुपयाला. दिसायला एकदम भारी, पानं चमकत होती, लावला त्याच दिवशी स्टेटसला टाकला. दिवाळीपर्यंत शेंड्याकडून वाळत आला आणि जानेवारीत गेलाच. भावानं उपटला तर दोन हातांनी ओढायची पण गरज पडली नाही, अलगद आला, आणि खाली बघतो तर मुळं चकलीसारखी गोल गोल, पिशवीचाच आकार घेतलेला, सहा महिने जमिनीत राहून एक मूळ बाहेर पडलं नव्हतं. पिशवीत दोन-तीन वर्षं ठेवून उंच केलेलं रोप असं होतं हे तेव्हा माहीतच नव्हतं. आपण उंची बघून पैसे देतो आणि खाली काय चाललंय ते कोण बघतो.

तर २०२३ ला कुणीतरी आप्पांचं नाव सांगितलं. मी गेले ५ जूनला, मुद्दाम, पर्यावरण दिन म्हणून, म्हटलं चांगला दिवस आहे. आप्पांनी रोप दिलंच नाही! मी पैसे काढून उभी आणि ते म्हणतात, "ताई, आते नको ली जाऊ. दोन पानी पडू दे, मंग ये." मला वाटलं माल नसेल, पण माल समोर होता, ओळीनं. मग कळलं की त्यांचं म्हणणं साधं आहे. ५ जून ही तारीख जगासाठी ठीक आहे पण खान्देशात तेव्हा पाऊस नसतो, असतं ते चाळीसच्या वरचं ऊन आणि गरम वारा, मोसमी पाऊस इकडं जूनच्या मध्यावर नाहीतर त्याच्याही पुढं येतो. पहिल्या पावसाला पण लावू नका म्हणतात, तो नुसता वरवर भिजवतो, खाली माती गरमच असते. दोन चांगले पाऊस झाले की कुदळ मारून बघायचं, हातभर खोल माती ओली लागली की मग रोप न्यायला यायचं. तोपर्यंत खड्डा करून उन्हात ठेव म्हणाले, दोन बाय दोन बाय दोन फूट, वरची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला, भरताना वरची माती खाली जाऊ दे आणि त्यात शेणखत नि दोन मुठी निंबोळी पेंड. गिऱ्हाइकाला हातात पैसे असताना परत पाठवणारा दुकानदार मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. थोडा रागच आला खरं तर, धुळ्याहून पेट्रोल जाळून गेले होते.

जुलैत परत गेले, भाऊ सोबत. यावेळी आप्पा मोकळे झाले आणि काय एकेक दाखवलं. पिशव्या सगळ्या विटांवर आणि प्लास्टिकच्या कागदावर ठेवलेल्या, जमिनीला टेकलेली एक पण नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक पिशवी उचलून जागा बदलतात, कारण नाहीतर मूळ पिशवी फोडून खालच्या जमिनीत जातं आणि विकताना ते तुटतं, रोप मग बसल्याजागी माना टाकतं. मी चकलीची गोष्ट सांगितली तर काही बोलले नाहीत, एक निंबाची पिशवी उचलली, ब्लेड घेतलं, उभी चिरली आणि माती हातावर घेऊन दाखवली. मुळं खाली सरळ, पांढरी टोकं, एखाद-दुसरं वळलेलं तेवढं त्यांनी कात्रीनं कापलं. उंची म्हणाल तर जेमतेम माझ्या गुडघ्याच्या वर. हे ६० रुपयाचं आणि ते ३५० चं.

निंबाचं बी ते स्वतः गोळा करतात. पिकून खाली पडलेल्या निंबोळ्या जून-जुलैत वेचायच्या, गर चोळून धुवायचा, सावलीत सुकवायच्या आणि लगेच टाकायच्या, कारण निंबाच्या बीचा जीव लई थोडा, काही आठवड्यांत उगवणशक्ती जाते, डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवली तर नुसता कचरा. पूर्वी हायवेच्या निंबांखालून पोतं भरून आणायचे म्हणे, धुळे-पारोळा-एरंडोल रस्ता चौपदरी झाला तेव्हा ते निंब गेले, आता गावागावातले जुने निंब माहीत करून ठेवलेत त्यांनी. आमचा पडलेला निंब पण त्यांना माहीत होता! "झोकाना निंब ना तुमना?" असं विचारलं त्यांनी. मला तिथं उभ्या उभ्या आवंढा गिळावा लागला.

वड-पिंपळाचा विभाग वेगळाच आहे. ते बी टाकून करत बसत नाहीत, पक्षी करतात ते काम. पक्ष्यानं फळ खाल्लं, विष्ठेतून बी देवळाच्या शिखरावर नाहीतर विहिरीच्या दगडात पडलं की पावसात उगवतं. आता पिंपळ म्हणजे देवाचं झाड, कापायचं कसं, आणि ठेवलं तर देऊळ फाटतं. मग लोक आप्पांना बोलावतात. ते शिडी लावून चढतात, मूळ न तुटता अलगद काढतात आणि पिशवीत लावतात. त्यांच्याकडच्या प्रत्येक पिंपळाला पत्ता आहे, हा अमक्या गावच्या मारुतीचा, हा तमक्याच्या विहिरीतला. घरापासून लांब लावणार असाल तरच देतात, प्लॉटवर लावायचा म्हटलं तर सरळ नाही.

आणि अंजन. हे झाड मला माहीतच नव्हतं, खान्देशात जन्मून ४५ वर्षं झाली तरी. आप्पांनी अशी नजर टाकली की जणू मी सख्ख्या मामाला ओळखलं नाही. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-चोपड्याकडच्या जंगलात हे आपलं मूळचं झाड. पान आपट्यासारखं पण मधून पूर्ण चिरलेलं, म्हणजे दोन वेगळी पानंच जोडीनं. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, जुन्या घरांच्या खांबांना वापरायचे. पाला गुरं-बकऱ्या आवडीनं खातात. पावसाचा भरवसा नसला तरी तगतं, आणि आपल्याकडं तर काय, सहाशे-सातशे मिलिमीटरचा हिशोब, तो पण कधी पंधरा दिवसांत उरकणारा. म्हटलं एक द्या. तर म्हणाले घे पण याच्याकडून घाई करून घेऊ नको. याचं पुढं सांगते.

मी तिथं असताना एक नवरा-बायको आले, नवीन बंगला बांधलेला, त्यांना कोनोकार्पस (परदेशी झाड आहे) पाहिजे होतं कंपाउंडला, लवकर हिरवं दिसतं म्हणून. आप्पा म्हणाले नाहीये आणि ठेवणार पण नाही. ते म्हणाले सगळीकडं मिळतं. मिळू दे. शेजारच्या गुजरातनं २०२३ मधेच त्याच्या लागवडीवर बंदी घातली, मुळं पाइपलाइनमधे घुसतात आणि फुलोऱ्यानं श्वासाचा त्रास होतो म्हणून, आणि नंदुरबारच्या पुढं दोन गावं ओलांडली की गुजरातच आहे. ती मंडळी चिडून गेली. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही, मला मात्र वाटलं की हा माणूस धंदा कसा करतो देवाला ठाऊक. (गुलमोहर आहे चार-पाच, तो पण पाहुणाच, मादागास्करचा, पण वादळात पहिला पडतो हे आधी सांगून मग देतात.)

आता तिथल्या एका वहीबद्दल. काउंटर नाही, एक लोखंडी टेबल आहे, त्यावर शाळेची दोनशे पानी वही. मला वाटलं उधारीची असेल. नाही. त्यात गिऱ्हाइकाचं गाव, तारीख, किती रोपं नेली, आणि शेजारचा रकाना रिकामा. पुढच्या वर्षी तुम्ही आलात की पहिला प्रश्न "किती जगनात?" आणि तो आकडा रकान्यात. दहा नेऊन तीन जगली असतील तर यंदा तीनच देणार, बाकीचे पैसे दिलेत तरी नाही. एक पुढारी टाइप माणूस ५०० रोपं मागायला आलेला, गाडीत बॅनर पण तयार. आप्पांनी विचारलं, "पानी कोन टाकी?" तो म्हणाला ग्रामपंचायत बघेल. आप्पांनी ५० दिली. हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं, त्या हसत होत्या सांगताना, पण जरा काळजीनं पण.

मला यात नवल वाटत नाही, आमच्या गावच्या टेकडीवर पण लावलेत ना झाडं, किती जगली ते कुणी लिहीत नाही. खड्डे तेच आहेत. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवीन रोप, नवीन फोटो. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या चार वर्षांत २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी, ३३ कोटी अशी टार्गेटं होती, शाळेतल्या पोरांना पण पाठ झाले होते आकडे. लावलेल्यांचे आकडे पाठ झाले, जगलेल्यांचे कुणी विचारले असते तर गुरुजींना पण आले नसते. आप्पांच्या वहीत दोन्ही रकाने आहेत एवढाच फरक.

ते स्वतः तर असं पण सांगतात की रोप घेऊच नका. आमच्या भावानं बांधावर पळस लावू का विचारलं तर म्हणाले बांधावर पळसाची खोडं आहेत का जुनी, आहेत ना, मग दोन वर्षं त्यांना कुऱ्हाड लावू नका आणि बकरी फिरकू देऊ नका, आपोआप उठतील. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं उदाहरण दिलं. चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पण त्या गावानं केलं काय तर आधी आपल्या जंगलात कुऱ्हाड बंद केली, नियम केले, मोडला की दंड, गावकऱ्यांनीच राखण केली आणि जंगल परत आलं, शेकडो हेक्टर. रोपं विकणाऱ्यानं हे सांगावं म्हणजे कमालच.

आमची खरेदी अशी: निंब २, करंज ३, बहावा २, सीताफळ २, जांभूळ १, अंजन १. एकूण ११ रोपं, ५५० रुपये. अॅपे रिक्षावाल्यानं चारशे घेतले ते वेगळे. भाव ४० पासून ८० पर्यंत, घासाघीस चालत नाही, आणि करावी असं वाटतही नाही.

लावली जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. आणि मग आला तो २०२३ चा ऑगस्ट. आठवतोय ना? अख्ख्या देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. ढग यायचे, अंधारायचं, वारा सुटायचा आणि जायचे. कपाशी माना टाकत होती तिथं अंगणातल्या रोपांना कोण विचारतो. मी आप्पांना फोन केला (नंबर टेबलावर खडूनं लिहिलेला असतो, तिथंच बघा), त्यांनी विचारलं आखाजीची घागर आहे का घरात.

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते, आखाजीला आमच्याकडं पितरांच्या नावानं मातीची घागर भरतात, त्यावर लोटी, त्यावर खरबूज, सांजोरी, आंबे. वर्षाची घागर नंतर पाणी प्यायला वापरतात नाहीतर माळ्यावर पडून राहते. आमच्याकडं आईच्या नावाची होती. आप्पांनी सांगितलं तसं केलं, बुडाला बारीक भोक पाडलं, सुती कापडाची वात ओवली (आईच्याच जुन्या लुगड्याची चिंधी होती, शोधायला गेले नव्हते, हाताला तीच लागली), रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरली, तोंडावर पणती उपडी ठेवली डास होऊ नयेत म्हणून. घागर भरली की तीन-चार दिवस बघायला नको, पाणी थेंबथेंब मुळाशी जातं, उन्हानं उडत नाही. कुंभाराकडून बाकीच्यांसाठी साधी मडकी आणली. भोवती केळीची वाळलेली पानं अंथरली, खोडापासून वीतभर लांब, चिकटवून ठेवली तर उधई (वाळवी) लागते. बाहेरून बोराटीच्या फांद्यांचं कुंपण. लोखंडी ट्री गार्ड आणायचं भावाच्या डोक्यात होतं, ते १२०० चं, आणि आमच्याकडं रात्रीत चोरीला जातं. बोराटी कोण चोरतो.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या ५ जूनला, ते 'एक पेड मां के नाम' सुरू झालं आणि सगळ्या ग्रुपवर आईच्या नावानं रोप लावल्याचे फोटो आले. भाऊ म्हणाला आपण पण टाकू या का आईच्या घागरीचा. आबा म्हणाले घागर जमिनीत आहे, फोटोत काय दिसणार.

आता मेलेल्यांचा हिशोब, कारण रिव्ह्यू आहे, आरती नाही. तीन गेली. एक करंज बोकडानं, कुंपण एका बाजूनं उघडं राहिलेलं, चूक आमची. एक सीताफळ उधईनं. आणि जांभूळ मे २०२४ मधे उन्हानं, पारा ४४ च्या वर, पानं कडेकडेनं भाजल्यासारखी तपकिरी झाली आणि आठवड्यात खेळ खल्लास. जांभळाला पाणी पाहिजे, नदीकाठचं झाड ते, आप्पा नको म्हणत होते, मीच हट्ट केला होता. "तुना मन मोडत नही" म्हणून दिलं त्यांनी. तेव्हा जरा जास्त कडक नाही म्हणायला पाहिजे होतं असं मला आता वाटतं, कोनोकार्पसवाल्यांना म्हणाले तसं.

अंजन पण गेला असं आम्ही धरून चाललो होतो. तो एप्रिललाच वाळला, नुसती काडी, नखानं खरवडलं तर आत हिरवं नाही. मी उपटायला हात घातला होता, भाऊ म्हणाला आप्पांना विचार तर खरं. फोनवर आप्पा: "उपटू नको. ते मरेल नही शे, खाले जाई राहिनं." म्हणजे अंजनाची रीतच अशी की सुरुवातीची वर्षं वरचा भाग पुन्हा पुन्हा वाळतो आणि मूळ आत खोल उतरत राहतं, खाली नीट बसल्यावरच वर यायला लागतो. मला वाटलं दुकानदाराची सारवासारव. जुलैच्या दुसऱ्या पावसानंतर काडीच्या बुडाशी एक लालसर ठिपका दिसला, मुंगी असेल म्हणून मी फुंकर मारली. हलला नाही. चार दिवसांनी ती दोन पानं होती, तांबूस, जोडीनं, अर्धवट उघडलेली. २०२५ च्या उन्हाळ्यात परत वाळला! यावेळी कुणी हात लावला नाही.

तर एक स्टार कुठं कापला. पहिलं म्हणजे दोन बहाव्यांपैकी एक बहावा नाहीच निघाला, काशीद निघाला. फुलं दोघांची पिवळी पण पानं वाढल्यावर कळलं, बहाव्याची मोठी आणि थोडी, याची बारीक आणि भरपूर. पिशवी नातवानं काढून दिली होती. आप्पांना सांगितलं तर बदली बहावा फुकट दिला, माफी बिफी काही नाही, वर नातवाला आमच्यासमोरच झापलं, ते बरं नाही वाटलं, पोरगं दहावीतलं आहे. पिशव्यांवर नाव लिहा ना राव, एक मार्कर लागतो फक्त.

दुसरं, दुपारी १२ ते ४ बंद, आणि बंद म्हणजे बंद, झोपाळ्यावर झोपलेले दिसतात पण उठत नाहीत. तिसरं, क्यूआर कोड आहे पण रेंज नाही, कॅश न्या. बिल मिळत नाही. डिलिव्हरी नाही. गुलाब, शोभेची झाडं, लॉन यासाठी जाऊच नका, गुलाबाच्या चार कुंड्या आहेत त्या पण सुनबाईंच्या आणि त्यांची तब्येत काही खास नाही. आणि बोलणं लई, एका करंजासाठी गेलात तर तासभर धरून चाला. कुत्रा भुंकतो, चावत नाही, पण लहान पोरं असतील तर आधी हाक मारा.

२०२५ च्या आखाजीला, ३० एप्रिलला, माहेरी होते. निंब दोन पावसाळे खाऊन आता बरा झालाय. आबा दर रविवारी त्याच्याशेजारी काठी उभी धरून मापतात, मागच्या दिवाळीला दोन काठ्या होता, आता काठी पुरत नाही म्हणून शिडी मागतात आणि आम्ही देत नाही यावरून रोज वाद. झोका आम्ही लोखंडी अँगलला बांधला, गेली दोन वर्षं तिथंच बांधतो, करकर वाजतो. भावाची पोरगी पाच वर्षांची आहे. तिनं ओढणीच्या काठाची पट्टी काढून निंबाच्या अंगठ्याएवढ्या फांदीला बाहुलीचा झोका बांधला. मी ओरडले फांदी मोडेल म्हणून. आबा म्हणाले बाहुलीचं वजन केवढं.

जायचं असेल तर सकाळी ११ च्या आत पोहोचा, जुलैत जा, जूनमधे जाऊन परत याल. रिकाम्या पिशव्या असतील तर घेऊन जा, एका पिशवीमागं एक रुपया कमी करतात. किती जगली ते खरं सांगा, खोटं बोललात तर ओळखतात, कसं ते माहीत नाही. मी पावसाळ्यात परत जाणार आहे, वहीत आमच्या नावापुढं ११ आणि ८ आहे म्हणजे आठपर्यंत मिळतील. जांभूळ परत मागणार आहे. आप्पांनी फोनवर विचारलं मोरीचं पाणी कुठं जातं, म्हटलं मागं, वाड्याच्या भिंतीशी, तर म्हणाले खड्डा तिथं करून ठेव, मग बघू.